गुलाबी पिसांचा गळ

आमच्या घरात मासे फक्त रविवारी शिजायचे, आणि ते शिजत असताना बाबा पुढच्या खोलीत दार लावून बसायचे. यात रुसवाफुगवा नव्हता. बाबा सांगलीचे, अंडंसुद्धा घरात न येणाऱ्या कुटुंबातले. आई वेंगुर्ल्याची, तिला माशाशिवाय आठवडा गेला की आजारी असल्यासारखं वाटायचं. लग्नाआधीच दोघांचं बोलणं झालेलं होतं, आणि ग्लासगोच्या दक्षिण भागातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते बोलणं काटेकोरपणे पाळलं जायचं. माशांची कढई वेगळी, उलथनं वेगळं, आणि स्वयंपाकघराची खिडकी बर्फ पडत असला तरी अर्धी उघडी. बाबा स्वतःच दाराच्या फटीशी टॉवेल गुंडाळून ठेवत आणि नाट्यगीतांची कॅसेट लावत. त्यामुळे आजही कुठे ऑर्गनचा सूर ऐकला की मला रव्यात घोळवून तळलेल्या हॅडकचा वास येतो. आमसुलं आईच्या माहेराहून यायची, नारळ मात्र पाकिटातला, सुका, गरम पाण्यात भिजवून वाटलेला. मासेवाला मासा धुऊन, पुसून, काटे काढून द्यायचा आणि आई त्याच्याकडे डोकी मागायची. "मांजराला का, हेन?" असं त्यानं पहिल्यांदा विचारलं. ग्लासगोत बाईमाणसाला लाडानं हेन म्हणतात. आई हो म्हणाली, आणि मग पुढची कित्येक वर्षं तो दर शनिवारी आमच्या नसलेल्या मांजराची चौकशी करत राहिला. आई सांगायची, "बरं आहे. खातं चांगलं."

दोघंही डॉक्टर. बाबा छातीच्या आजारांचे, आई भूल देणारी. मी सांगलीत जन्मले आणि शाळेच्या वयाची झाल्यावर इकडे आले, म्हणून माझं मराठी टिकलं. धाकटी रेवा ग्लासगोतच जन्मली. तिच्या बोलण्यात पाणी 'तो' असायचा आणि आई कधीकधी 'आला' असायची. तिला कुणी सुधारायचं नाही, कारण परत गेल्यावर ते आपोआप होईल असं बाबा म्हणत. परत जाणं हे आमच्या घरात नुसतंच असायचं, कोपऱ्यातल्या कपाटासारखं. कपाट कशाला आणलं, कधी हलवणार, हे कुणी विचारायचं नाही. मी पंधरा वर्षांची असताना मात्र ते हललं. काकांनी, म्हणजे बाबांच्या दादानं, सांगलीत हॉस्पिटल बांधायला काढलं होतं. बाबा नाताळात एकटेच जाऊन ते बघून आले, फोटो घेऊन आले. त्यात त्यांच्या खोलीचा दरवाजा होता आणि दरवाज्यावर नावाची पितळी पाटी. बाबांनी फोटो जेवणाच्या टेबलावर एकेक करून मांडले आणि म्हणाले, "जुलैत निघायचं. मुलींची शाळा संपली की." आई पाटीचा फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत होती. मग तिनं तो खाली ठेवला आणि म्हणाली, "बरं."

त्याच हिवाळ्यात कॅरल आमच्या घरी यायला लागली. कॅरल कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरची, आईच्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून वर्षभरासाठी आलेली. उंच, मोठ्यानं हसणारी, आणि घरची आठवण आली की माशांबद्दल बोलणारी. तिकडे स्टीलहेड नावाचा मासा असतो. मूळ ट्राउटच, पण नदीत जन्मून समुद्रात जातो, तिथं वाढतो, चांदीसारखा होतो आणि अंडी घालायला आपल्याच नदीत परत येतो. कॅरलच्या वडिलांनी तिला तो धरायला शिकवलं होतं. आई तिच्या या गोष्टी एखाद्या माहेरच्या माणसाशी बोलावं तशा ऐकायची. वेंगुर्ल्याला आईचे भाऊ खाडीवर गरवायला जात, म्हणजे गळ टाकून बसत. मुलींना कुणी नेत नसे. ती बांधावरून बघायची.

फेब्रुवारीत एक मोठं वादळ झालं. ग्लासगोपासून दोनेक तासांवर, समुद्र डोंगरांत आत शिरून जिथं लांबलचक लॉख होतो, तिथं पाण्यात जाळ्यांचे पिंजरे करून रेनबो ट्राउट वाढवायचे. वादळात एक पिंजरा फाटला आणि मासे खाऱ्या पाण्यात मोकळे झाले. हॉस्पिटलातल्या एका पोर्टरचा भाऊ तिथं कामाला होता, त्यानं सांगितलं की मालकाला ते परत मिळणार नाहीत, कुणी धरले तर त्याची काही हरकत नाही. कॅरल त्या संध्याकाळी कोट न काढताच आमच्या स्वयंपाकघरात आली. "शैला, समुद्रात गेलेला रेनबो म्हणजे आमचा स्टीलहेडच. तुला कळतंय का?" ती इंग्रजीत बोलायची, मी मराठीत लिहितेय. आईनं गॅस बारीक केला आणि विचारलं, "गळ कुठला लागतो?"

तो गळ आम्ही घरी केला. त्याला जिग म्हणतात. गळाच्या मानेशी शिशाचा वाटाण्याएवढा गोळा असतो, त्यामुळे गळ पाण्यात आडवा लटकतो, आणि दांडीवर मऊ पिसं दोऱ्यानं गच्च बांधायची, म्हणजे ओली झाली की ती पाण्यात उघडतात-मिटतात. माशाला ते कोळंबीसारखं दिसतं. पिसं कुठून आणायची हा प्रश्न रेवाच्या शाळेतल्या नाटकातल्या पिसांच्या गुलाबी हारानं सोडवला. रेवानं आधी नकार दिला, मग बांधायला तिला घेतलं तर चालेल म्हणाली. दोरा आईच्या शिवणाच्या डब्यातला, साडीला फॉल लावायचा, तोही गुलाबी. शेजारच्या खोलीत बाबा नकाशा आणि कागद घेऊन सामान बोटीनं पाठवायची चौकशी करत होते, आणि स्वयंपाकघरात आम्ही चौघी जीभ दाताखाली धरून पिसं बांधत होतो. "आई, माझा पिसं सुटला," रेवा म्हणायची. आई न बघता हात पुढे करायची. तिची गाठ कधी सुटली नाही.

पहिल्या रविवारी आम्ही कॅरलच्या जुन्या गाडीतून गेलो. गाडीचा हीटर एकाच बाजूला चालायचा. उतरल्यावर आई पाण्याकडे बघत उभी राहिली. भरती लागत होती, काळ्या गोट्यांवरचं शेवाळ झुपक्याझुपक्यानं उचललं जात होतं, समोरच्या डोंगरावर खालपर्यंत ढग. "ही तर खाडी," ती म्हणाली. नारळ नव्हते, ऊन नव्हतं, नाक गारठून दुखत होतं, पण वास तोच होता म्हणे. कॅरलनं रॉड जोडला. लांब आणि लवचिक, टोक नुसत्या श्वासानं हलेल असं. दोरीवर फ्लोट, म्हणजे लाकडाचा बोटभर लांब तरंगता तुकडा, वरचं टोक शेंदरी रंगवलेलं. त्याच्याखाली पुरुषभर खोलीवर आमचा गुलाबी गळ. फेकला, फ्लोट उभा राहिला आणि भरतीच्या ओढीबरोबर हळूहळू वाहायला लागला. "आता काय करायचं?" आईनं विचारलं. "काही नाही," कॅरल म्हणाली. "हेच कठीण असतं. लाट फ्लोटला उचलते, फ्लोट जिगला उचलतो, पिसं हलतात. तू मध्ये पडू नकोस. फ्लोट बुडला की मात्र वाट बघू नकोस."

आईला ते कठीण गेलं नाही. दुसरे लोक दहा मिनिटांत रीळ गुंडाळून पुन्हा फेकायचे, धातूचे चमकते तुकडे पाण्यातून ओढत राहायचे. आई उभी राहायची. मी तिला नंतर विचारलं तर म्हणाली, "माझं कामच ते. बाकीचे कापतात, शिवतात. मी बघत बसते." आज मी स्वतः गुडघे दुखेपर्यंत पाण्याकाठी उभी राहते तेव्हा तिची ती पाठ डोळ्यांसमोर येते. साडीवर बाबांचा जुना कोट, त्यावर कॅरलनं दिलेलं रेनकोटाचं जाकीट, पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, आणि निऱ्या बुटांत खोचलेल्या. घरी, हॉस्पिटलात, देवळात कुठेच ती इतकी सैल उभी राहिलेली मी पाहिली नव्हती. त्या पहिल्या रविवारी तिसऱ्याच फेकीला फ्लोट दिसेनासा झाला. "शैला!" कॅरल ओरडली, पण आईनं आधीच रॉड उचलला होता. रीळ किंचाळलं. मासा पाण्याबाहेर उडाला, पांढरा लख्ख, आणि रेवा गोट्यांवर नाचत ओरडायला लागली, "मासा आली! मासा आली!"

त्या संध्याकाळी आईनं तो मासा कापला तेव्हा त्याचं मांस गाजराच्या रंगाचं निघालं. सुरमईसारखं तळून पाहिलं, तर फार तेल सुटलं. तिरफळं घालून रस्सा केला तो चांगला लागला, पण आईचं समाधान झालं नाही. शेवटी हळद, मीठ, आमसुलाचं पाणी लावून ओव्हनमध्ये ठेवला, आणि तो कॅरलनं, मी आणि रेवानं भाताबरोबर बोटं चाटत खाल्ला. मग दर रविवारी, आई ड्यूटीवर नसेल तर, आम्ही जायला लागलो. घरात खोकी वाढत होती. एका खोक्यावर बाबांनी 'शैला: पुस्तकं' असं लिहून ते तिच्या पलंगाशी ठेवलं होतं. ते रिकामंच राहिलं. बाबांनी ते पाहिलं असणार. आमच्या घरात पाहिलेलं सगळं बोललं जायचं असं नाही.

एप्रिलमधल्या एका रविवारी कॅरलची गाडी सुरू होईना, आणि आई रात्रभर थिएटरमध्ये होती म्हणून तिनं गाडी चालवणं बरं नव्हतं. बाबा म्हणाले, "मी सोडतो." कॅरल पुढे बसली, आम्ही तिघी मागे, आई माझ्या खांद्यावर झोपली. पोचल्यावर बाबा पेपर घेऊन गाडीतच बसले. थोड्या वेळानं उतरले. मग पाण्यापर्यंत आले, हात पाठीमागे बांधून, वॉर्डमध्ये राउंडला आल्यासारखे. कॅरल त्यांना काय काय सांगत होती. स्टीलहेड नदीत परत कसा येतो ते ऐकून बाबांनी विचारलं, "आणि हे? हे कुठं परत जातात?"

"यांचा जन्म टाकीतला," कॅरल म्हणाली. "यांना नदी नाही. पिंजऱ्याच्या आसपास घुटमळतात, तिथं खायला मिळायचं म्हणून."

या वाक्यात मी पुढे बरीच वर्षं बरंच काही शोधलं, एकदा विद्यापीठात त्यावर एक फार वाईट कविताही केली. बाबांनी मात्र त्या दिवशी एवढंच विचारलं, "मग थंडीत जगतात?" कॅरल म्हणाली, काही जगतात.

त्या दिवशी मासा लागत नव्हता. वारा पडला होता, पाणी सपाट, फ्लोट जागच्या जागी. बाबा आईच्या शेजारी उभे होते आणि फ्लोटकडे बघत होते. अचानक हलक्या आवाजात म्हणाले, "शैला, तो वर आला."

"काय वर आलं?"

"फ्लोट. मघाशी शेंदरी रंगाची खालची कड पाण्यात होती. आता वर दिसतेय."

आईनं रॉड उचलला आणि रॉड वाकला. माशानं गळ खालून तोंडात घेऊन वर आणला होता, म्हणून फ्लोटवरचं वजन कमी झालं होतं. कॅरल म्हणाली की हे ओळखायला तिला दोन हिवाळे लागले होते. बाबांना त्यात विशेष वाटलं नाही. छातीत हवा साठलेल्या पेशंटच्या बरगड्यांतून नळी घालतात आणि तिचं टोक बाटलीतल्या पाण्यात सोडतात. श्वासाबरोबर नळीतलं पाणी वर-खाली होतं, ते बोटभर पाणी बघत बाबांच्या किती रात्री गेल्या होत्या. तो मासा आईनं जवळ आणला, पण काठाशी गळ सुटला आणि मासा गेला. आईनं रॉड बाबांच्या हातात दिला. "धरा. मी जरा बसते. डोळे मिटतायत माझे." ती एका दगडावर बसली. बाबा उभे राहिले, रॉड दोन्ही हातांत, दुसऱ्याचं मूल धरावं तसा.

मग त्यांना मासा लागला. फ्लोट गेला, त्यांनी रॉड उचलला, आणि मग बराच वेळ नुसतं रीळ फिरत राहिलं. कॅरल बाजूला उभी राहून "जाऊ दे, जाऊ दे, आता ओढ" असं सांगत होती. मी जाळं धरलं. मासा गोट्यांवर आला तेव्हा बाबांचा चष्मा पाण्याच्या थेंबांनी भरला होता आणि श्वास लागला होता. असा मासा परत सोडायचा नसतो, इथल्या मूळच्या ट्राउटना तो त्रास देतो, हे कॅरलनं आधीच सांगितलं होतं. आई उठून आली, आखूड लाकडी दांडकं तिच्या हातात होतं. "तुम्ही तिकडे बघा," ती म्हणाली.

"का? लावला मीच ना," बाबा म्हणाले. ते बघत राहिले. आईनं दोन टोले मारले, माशाचं अंग एकदा थरथरलं आणि थांबलं. कॅरलला काय वाटलं कोण जाणे, ती रेवाला घेऊन काठानं लांब शिंपले वेचायला गेली. मी जाळ्यातून गळ सोडवत बसले होते, गुंतला होता तो. माझ्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

बाबा म्हणाले, "तुला सांगलीला यायचं नाही."

"नाही," आई म्हणाली.

"कधीपासून?"

"पाटीचा फोटो दाखवलात तेव्हापासून. त्यावर एकच नाव होतं."

"दादा म्हणाला होता, तुझं नंतर करू."

"हो. नंतर." आईनं हात पाण्यात धुतले. "तिथं मी कोण असणार? डॉक्टरांची बायको. दादांना गरज लागेल तेव्हा फोन करणार, शैला, जरा भूल द्यायला ये. इथं मला कन्सल्टंटची जागा मिळेल असं म्हणतायत."

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही महिना सांगितलात."

"तू बरं म्हणालीस."

"म्हणाले. चुकलं माझं. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं." मग थोड्या वेळानं ती म्हणाली, "तुमचं चूक आहे असं मी म्हणत नाही. तुम्हाला इथं काय मिळालं ते मी बघितलंय. तुमच्या हाताखाली शिकलेली पोरं तुमच्या वर गेली. तुम्ही जा. खरंच जा. पण माझं खोकं भरू नका."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "मासा उन्हात पडलाय." ऊन नव्हतं. आईनं मासा ओल्या गोणपाटात गुंडाळला. परतताना घाटमाथ्यावर बाबांनी गाडी थांबवली, फ्लास्कमधला चहा सगळ्यांना ओतून दिला, कॅरललाही, आणि दरीकडे तोंड करून आपला कप संपवला. रेवानं विचारलं, "बाबा, तुमचा मासा तुम्ही खाणार?" बाबा म्हणाले, "तू खा माझ्या वाटचा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांना फोन केला. "शैला येत नाही. मी येतोय." पलीकडून काका बराच वेळ बोलत राहिले, बाबा ऐकत राहिले. जुलैत आम्ही चौघं गाडीनं लंडनला गेलो, हाउन्सलोला त्यांच्या एका मित्राकडे राहिलो आणि सकाळी त्यांना विमानतळावर सोडलं. आईनं त्यांचा स्वेटर बॅगेतून काढून त्यांच्या हातात दिला, विमानात गार असतं म्हणून. परत येताना चारशे मैल ती एकटीनं गाडी चालवत होती. त्या शरद ऋतूत मासे विरळ झाले. काही समुद्रातल्या सील प्राण्यांनी खाल्ले, काही आमच्यासारख्यांनी, उरलेले कुठे गेले कुणाला कळलं नाही. कॅरल वर्ष संपवून घरी गेली, जाताना रॉड आईला देऊन गेली. आई कन्सल्टंट, म्हणजे तिच्या विभागातली वरच्या जागेवरची डॉक्टर, झाली. बाबांचा फोन दर रविवारी यायचा, दोन्हीकडून सगळं ठीक असायचं.

पुढच्या वर्षी, मार्चच्या सुरुवातीला, मी शाळेतून आले तेव्हा बाबा आमच्या जिन्यात पायरीवर बसलेले होते. शेजारी सूटकेस, हातात खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दिलेला चहाचा कप. ते बारीक झाले होते, काळवंडले होते. "किल्ली तिकडंच राहिली," ते म्हणाले. मी दार उघडलं आणि सूटकेस आत घेतली. त्यांनीच सांगितलं, कोट न काढता, खुर्चीच्या टोकावर बसून.

"तिथं रस्त्यात भेटेल तो विचारतो, डॉक्टर, परत कधी जाणार? आधी वाटलं, थट्टा करतायत. पेशंट विचारतात, भाजीवाला विचारतो. मी म्हणायचो, आता आलो कायमचा. ते हसायचे. मग एक दिवस जेवताना दादानं विचारलं. सहज विचारलं त्यानं, वाईट मनानं नाही. तेव्हा मला उत्तर देता येईना."

आई सहाला आली. भिजलेला कोट, हातात पावाची पिशवी. तिनं दारातली सूटकेस बघितली, मग त्यांच्याकडे. "सुट्टी घेऊन आलात?"

"नाही."

तिनं कोट खुंटीला लावला. बाही सरळ केली. "नोकरी?"

"पत्र टाकलंय. चेस्ट क्लिनिकमध्ये आठवड्यातून तीन दिवस. खालच्या ग्रेडवर."

आत रेवा टीव्ही बंद करून दारात येऊन उभी होती. मला वाटलं आता दोघं बोलतील, ते राहिलेलं सगळं बोलतील. आई म्हणाली, "उद्या मला सातला थिएटरला पोचायचंय. रेवाला शाळेत सोडाल?"

"सोडतो."

"मी आता बसनी एकटी जाते," रेवा म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे बघितलं. ती केवढी तरी उंच झाली होती. "मग स्टॉपपर्यंत येतो," ते म्हणाले.